आय जिती हाय

१९७३ साल. दुष्काळाचं दुसरं वर्ष. आय सडकेच्या कामावर खडी फोडायची. कामावर सुकडी मिळायची, घरी मिलोची लाल भाकर. बा मुंबईला गेला तो गेला. त्याचा ना कागद ना पत्तर. मी नऊ वर्षांचा होतो.

आयनं मला हाताला धरून नगर जिल्ह्यातल्या एका मिशन बोर्डिंगात नेलं. टेबलावर रजिस्टर होतं, रजिस्टरापाशी मास्तर.

"बाप?"

"म्हमईला गेलाय जी. तीन सालं झाली."

मास्तरानं लिहिलं, मयत. मग पेन उचलून तो आयकडं बघत बसला. म्हणाला, "बाई, परदेशातनं पैसे येतात ते अनाथ पोरांसाठी येतात. आई हाय असं लिहिलं तर याचं कार्ड व्हायचं नाही. कार्ड नाही तर जेवण नाही."

आय गप राहिली. मग म्हणाली, "लिवा तुमाला काय लिवायचं ते. पोरगं खाऊन ऱ्हाऊ द्या."

मास्तरानं आईच्या रकान्यातही मयत लिहिलं. खाली 'आणून सोडणारी नातेवाईक' अशी ओळ होती. तिथं आयचाच अंगठा घेतला. आपल्या मरणाच्या कागदावर माझ्या आयनं आपल्याच हातानं अंगठा दिला आणि पदराला शाई पुसत ती आठ मैल चालत परत गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातात पाटी दिली. पाटीवर नंबर. फोटो काढला. तो फोटो समुद्रापलीकडं एका बाईकडं गेला. तिनं मला सात वर्षं पैसे पाठवले, नाताळाला कार्ड पाठवलं. मी तिला दर सहा महिन्यांनी पत्र लिहायचो. मास्तर फळ्यावर मजकूर लिहायचा, आम्ही उतरवून काढायचो. मला आई नाही, वडील नाहीत, देवाच्या दयेनं आणि तुमच्या प्रेमानं मी जगतो आहे. सगळ्या पोरांचा मजकूर एकच. नाव तेवढं वेगळं.

आय रविवारी यायची. फडक्यात भाकरी आणि ठेचा. पण ज्या दिवशी परदेशी पाहुणे यायचे त्या दिवशी वॉचमन तिला फाटकाबाहेर काढायचा. "आज साहेब लोक येनार हाईत, तू तिकडं लिंबाखाली बस." एकदा आम्ही रांगेत उभं राहून गाणं म्हणत होतो. समोर खुर्च्यांवर पाहुणे. एक मडम डोळे पुसत होती. तिच्या खांद्यावरून मला लिंबाखाली बसलेली आय दिसत होती. तिनं हात वर केला. मी हात वर केला नाही. मी गाणं म्हणत राहिलो.

हे मी पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नाही. आज लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच साफ करतो. हे वाचून कुणी म्हणेल, बघा, मिशनऱ्यांनी कसं फसवलं. असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, बाबा रे, त्या वर्षी तुझ्या विहिरीवर माझ्या आयला पाणी भरू दिलं होतंस का? नगरला अमेरिकन मिशन १८३१ साली आलं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात महारवाडे उपाशी मरत होते तेव्हा मिशननं धान्य दिलं, शाळा काढल्या. पुढच्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि शेकडो पोरी वाचवल्या. मी त्या बोर्डिंगात दूध प्यालो, अक्षर शिकलो, तिथूनच पुढं आयटीआय करून वीज मंडळात वायरमन झालो. बोर्डिंग नसतं तर मी कुणाची तरी गुरं वळत म्हातारा झालो असतो. खाल्लेलं मी विसरत नाही. पण अन्नाच्या बदल्यात आय लिहून घेतली, तेही विसरत नाही.

आणि कागदाचा अनुभव आम्हाला काही एकच नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं माझ्यासारखा ख्रिस्ती कागदावर अनुसूचित जातीचा राहिला नाही. बौद्ध झालेल्या माझ्या मावसभावांना १९९० साली ती सवलत मिळाली, आम्हाला अजून नाही. वाडा तोच, पाणवठा तोच, शिवी तीच. कागद वेगळा.

आता २०१६ ची गोष्ट.

आमच्या पुण्याच्या चर्चनं नेपाळला मिशन ट्रिप काढली. २५ एप्रिल २०१५ ला तिथं मोठा भूकंप झाला होता, नऊ हजारांच्या आसपास माणसं मेली होती. काठमांडूजवळच्या एका अनाथालयात दहा दिवस सेवा करायची. आम्ही अकरा जण. एक नर्सबाई, दोन शिक्षिका, गिटारवाली कॉलेजची पोरं, पाळक, आणि मी. मला न्यायचं कारण वायरिंग. इमारतीला तडे गेले होते, लाईन उघडी पडली होती. पाळकसाहेब म्हणाले, "दादा, तुम्ही स्वतः अनाथ होता. तुमची साक्ष त्या मुलांना बळ देईल." मी काही बोललो नाही. माझ्या बायकोनं फक्त माझ्याकडं बघितलं. आयला तिनंच शेवटपर्यंत सांभाळलं होतं.

पुणे ते गोरखपूर गाडी, सोनौलीला हद्द ओलांडली. आपल्या लोकांना तिथं व्हिसा लागत नाही. मग बसनं त्रिशूलीच्या काठाकाठानं काठमांडू. दशैंचे दिवस होते. म्हणजे आपलाच दसरा. तिथं तो सगळ्यात मोठा सण. उलट बाजूनं येणाऱ्या बसगाड्यांच्या टपावर माणसं बसलेली. सगळं शहर गावाला निघालं होतं. थोरांच्या हातनं कपाळाला तांदळाचा तांबडा टिका लावून घ्यायचा म्हणून प्रत्येक जण आईबापाकडं जातो.

अनाथालयातली पोरं तेवढी कुठं जात नव्हती. आम्ही उतरलो तशी ती रांगेत उभी राहिली आणि गाणं म्हणायला लागली. माझ्या पायातलं बळ गेलं. रांग तीच. उंचीप्रमाणं उभी केलेली, पुढं बारकी, मागं मोठी. गळ्यातला आवाज तोच. आमच्या शिक्षिका डोळे पुसायला लागल्या. माझी नजर फाटकाबाहेर गेली. तिथं लिंब नव्हता, कुणी बसलेलंही नव्हतं. नंतर कळलं की इथल्या आया आठ मैलांवर नाहीत.

मी कामाला लागलो. जुनी पट्टी काढली, बोर्ड बदलले. अर्थिंग मुळात नव्हतंच. मागच्या अंगणात खड्डा घ्यायचं ठरवलं. अकरा-बारा वर्षांचा एक पोरगा माझ्या मागं मागं असायचा. शिडी धरायचा, टेस्टर द्यायचा. सिनेमे बघून त्याला हिंदी येत होती. खड्ड्यात पट्टी सोडली आणि मी कोळसा आणि मीठ टाकायला लागलो. कोळसा बघून पोरगा हसला. ओंजळीत घेऊन त्यानं त्याचा वास घेतला.

"मेरो बाको आरन छ," तो म्हणाला.

आरन म्हणजे लोहाराची भट्टी. छ म्हणजे आहे. मी थांबलो. रजिस्टरात या पोराचे आईबाप भूकंपात गेल्याचं आम्हाला सांगितलं होतं.

"छ?" मी विचारलं.

त्यानं ऑफिसच्या खिडकीकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "छ." मी आणखी काही विचारायच्या आत म्हणाला, "आमा पनि छ."

आईपण आहे.

त्याचं गाव हुम्ला जिल्ह्यात. रात्री मी भिंतीवरचा नकाशा बघितला. भूकंप झाला गोरखा जिल्ह्यात, बारपाकला. हुम्ला पार वायव्येच्या टोकाला, तिबेटच्या हद्दीवर. त्या भूकंपानं तिथली माणसं मरायचं कारण नव्हतं. शिवाय पोरगा भूकंपाच्या चार वर्षं आधीपासून इथं होता. शाळेत घालतो म्हणून एक माणूस घेऊन आला होता, त्या माणसाला त्याच्या बापानं पैसे दिले होते. उलटे पैसे! बापाला वाटलं बोर्डिंग आहे. इथं आल्यावर पोरगा अनाथ झाला. भूकंप आला तेव्हा कारण बदललं एवढंच.

आडनाव बि.क. म्हणजे विश्वकर्मा. म्हणजे कामी, लोहारकाम करणारा. नेपाळच्या १८५४ च्या मुलुकी ऐनात ही जात पाणी न चालणाऱ्यांत घातली होती, शिवली तर शिंतोडे घ्यायचे. १९६३ साली कायद्यानं ते गेलं. कायद्यानं. मला कुणी ही माहिती दिली नसती तरी त्या पोराच्या पाणी पिण्यावरनं मी ओळखलं असतं. भांडं ओठाला न लावता, ओंजळीनं.

हा एकटा नव्हता. २०१५ साली युनिसेफनंच सांगितलं होतं की नेपाळच्या अनाथालयांत पंधरा हजारांवर मुलं आहेत आणि त्यांतल्या शेकडा ८५ जणांची आई किंवा बाप किंवा दोघंही जिवंत आहेत. ही घरं कुठं आहेत? गरिबी हुम्ल्यात आणि अनाथालयं काठमांडू, पोखरा, चितवनकडं. जिथं पाहुणे उतरतात तिथं. आमच्यासारखे पाहुणे. आम्ही येतो म्हणून अनाथ लागतात. लागतात म्हणून आणले जातात.

मी पाळकसाहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. ते बराच वेळ डोकं धरून बसले. मग म्हणाले, "दादा, आपण दहा दिवसांचे. हे बंद पडलं तर ही चाळीस लेकरं जातील कुठं?"

प्रश्न खोटा नव्हता. माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "साहेब, आधी त्यांना विचारू तरी, ती कुठून आलीत."

विजयादशमीचा दिवस. ११ ऑक्टोबर. तिकडं नागपूरला माझे मावसभाऊ दीक्षाभूमीवर गेलेले. इकडं रस्त्यावर माणसं कपाळभर टिका घेऊन हिंडत होती. पोरं गच्चीच्या कठड्यावरनं खाली बघत होती. संस्थेत टिका लावायचा नाही असा नियम. त्याबद्दल माझं भांडण नाही, तो ज्याच्या त्याच्या धर्माचा प्रश्न. माझं भांडण गच्चीच्या कुलपाशी.

संध्याकाळी उपासना झाली. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी उभा राहिलो. गाणारी पोरं समोर, संचालक खुर्चीवर, गिटारवाली पोरं मोबाईल धरून. मी मोडक्या हिंदीत म्हणालो, "माझी आई १९९८ साली वारली. तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, तेव्हा मी अनाथ झालो. १९७३ साली मला अनाथ लिहिलं होतं. ती फाटकाबाहेर बसलेली होती. तिनं हात केला आणि मी केला नाही. ज्याची आई असेल त्यानं ती आहे म्हणावं. देव त्यानं रागावत नाही."

पुढं बोलता आलं नाही. कुणी आमेन म्हणालं नाही. संचालकांनी दुसऱ्या दिवसापासून मागच्या अंगणाला कुलूप लावलं. पण पोरं झोपायला जाताना एकेक जण माझ्याजवळनं गेली आणि त्यांतल्या सात जणांनी हळूच आपापल्या गावाचं नाव सांगितलं. मी वायरच्या बिलाच्या पाठीमागं लिहून घेतलं.

घरच्यांचा शोध घेणारी माणसं त्या शहरात आहेत. येताना तो कागद मी त्यांच्या हातात दिला. दोन वर्षांनी निरोप आला, एकाच पोराचा. माणूस हुम्ल्याला पोचला होता, आरन सापडलं, बाप भेटला. बाप म्हणाला, "आम्ही त्याला शिकायला पाठवलाय." पोरगा घरी गेला की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

मी पुन्हा ट्रिपला गेलो नाही. आता जगानंही हे मान्य केलंय. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या कायद्याच्या वेळी अनाथालयासाठी होणारा मुलांचा व्यापार ही गुलामीच म्हटली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला की गरिबीपायी मूल घरातून तोडू नये. आमच्या चर्चमध्ये मी याकोबाचं पत्र काढून दाखवलं. पहिल्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात अनाथ आणि विधवा ही दोन नावं शेजारी शेजारी आहेत. म्हणालो, आपण मधूनच फाडलं. पोरगं उचललं, विधवा फाटकाबाहेर ठेवली. १९७३ साली त्या बाईनं पाठवलेले पैसे माझ्या आयच्या हातात पडले असते तर? मी रात्री आयजवळ झोपलो असतो आणि सकाळी शाळेत गेलो असतो.

निम्मी माणसं चिडली. निम्म्यांनी ऐकलं. अकरा माणसांच्या प्रवासाला जेवढा खर्च यायचा, त्यातला काही पैसा आता आमच्याच भागातल्या तीन विधवा बायांना दर महिन्याला जातो. पोरं त्यांच्याजवळच राहतात. फोटो काढायचा नाही, पत्र लिहून घ्यायचं नाही, असं ठरलंय. त्यांतली एक बाई परवा म्हणाली, "भाऊ, कागदावर सही कुठं करू?"

म्हटलं, कागदच नाही.