गोळी आधी, हंडी मग

परतवाड्याहून निघालेली चिखलदऱ्याची एसटी घाटाला लागली, की दोन-चार वळणांतच कुणीतरी खिडकीकडे झेपावायचं. लहानपणी तो मान बहुतेकदा माझाच. "माय, मले मयमयते," म्हटलं की माय नाकाशी लिंबू धरायची. पुढे अ‍ॅव्होमिनची गोळी आली. डोळ्यांना समोरची सीट जागच्या जागी दिसते, कानाच्या आतून मात्र शरीर हेलकावतंय अशी वर्दी मेंदूकडे जाते. तो गोंधळ पोटावर निघतो. गोळी गोंधळ शमवते, पण झोपही आणते. त्यामुळे बरीच वर्षं मी तो घाट डोळे मिटूनच चढलो.

अचलपूरच्या घरात खरा राबता होता करपट ढेकरांचा. रोडगे, वांग्याची भाजी, वर ठेचा. मग बाबा फडताळातून डायजिनची गुलाबी बाटली काढत. अशी औषधं पोटात आधीच झालेलं आम्ल मारतात, नवं व्हायचं थांबत नाही. म्हणून रात्री बाटली पुन्हा खाली यायची. आधी भोगायचं, मग प्यायचं, असा सरळ व्यवहार.

तो मोडला रॅनिटिडिनने. आम्ल करायला सांगणारा हिस्टामाइनचा निरोप पेशीपर्यंत पोचूच द्यायचा नाही, ही युक्ती जेम्स ब्लॅक यांची. 1988च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. बाबांच्या खिशात रॅनिटिडिनची, म्हणजे रॅन्टॅकची, पट्टी कायम असे. 2020मध्ये अमेरिकेने रॅनिटिडिन बाजारातून काढायला लावलं. त्यात एनडीएमए हा कर्करोगाची शंका असलेला घटक सापडला होता, आणि उष्ण जागी ठेवल्यास तो वाढतो म्हणे. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45च्या आसपास! 2022मध्ये आपल्याही आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते गेलं.

आता पॅन्टोप्राझोल. आम्लाचे पंपच बंद करतं, तेही चालू असलेले. जेवणाने ते सुरू होतात, म्हणून गोळी अर्धा तास आधी. महिनोन्‌महिने घेऊन एकदम सोडली, तर आम्ल उसळून येतं. डॉक्टर ती ठरावीक दिवसांपुरती लिहितात, आपण मेडिकलमधून पट्टी आणतच राहतो. दुखण्यावरचा उतारा होता, त्याचा हळूहळू खाण्याचा परवाना झाला.

हिवाळ्यात बहिरमच्या यात्रेला गेलो. चुलीवर मटणाची हंडी रटरटत होती, तर्री लालभडक. काका हंडीत पळी घालून थांबले.

"गोयी घेतली काय रे?"

"घेतली."

"मंग ताट कर इकडं."