कोरडी बोअर

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताच्या उत्तरेला अथाबास्का खोरं आहे. नजर जाईल तिथवर तळी, दलदल आणि काटक जॅक पाइन. उघडा खडक क्वचितच दिसतो. हिमयुगातला बर्फ ईशान्येकडून नैऋत्येला सरकताना सगळं खरवडत गेला आणि मागे वाळू-गोट्यांचा थर पसरून गेला. युरेनियमच्या शोधाची सुरुवात होते ती अशा झाकलेल्या मुलखात. हाती असते नकाशावरची एक चौकट, विमानातून मोजलेल्या विद्युतवाहकतेच्या काही रेषा आणि नशिबात असेल तर एखादा किरणोत्सारी धोंडा. तो मिळाला, की बर्फ जिकडून आला तिकडे माग काढत जायचं.

हिवाळ्यात तळं घट्ट गोठलं, की बर्फावर ड्रिल उभी राहते. लाकडी पेट्यांतून कोअर, म्हणजे ड्रिलने कापून काढलेले खडकाचे दांडे, येऊ लागतो आणि माझं मन त्यातल्या एका जागेची वाट पाहू लागतं. वर फिकट गुलाबी वालुकाश्म असतो, सुमारे 170 कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेला. बोट फिरवलं तर कण हाताला लागतात. मग एक सीमा येते. तिच्याखाली आधी लाल, मग हिरवट, कुजून ठिसूळ झालेला, कितीतरी जुना पट्टिताश्म. ही सीमा म्हणजे भूशास्त्राच्या भाषेत विसंगती. एकेकाळी ती उघडी जमीन होती. तिने ऊन-पाऊस सोसले, पण तिच्यावर गवताचं पातं उगवलं नाही. जमिनीवर वनस्पती यायला तेव्हा शंभर कोटींहून जास्त वर्षं बाकी होती. त्या रेषेवर बोट ठेवताना मला आजही भरून येतं.

युरेनियम शोधायचं ते याच सीमेच्या आसपास. ऑक्सिजनयुक्त, उष्ण, खाऱ्या पाण्यात ते विरघळून वाहत राहतं. ग्रॅफाइट असलेल्या पट्ट्यातून गेलेल्या भ्रंशापाशी रसायन पालटतं आणि ते पिचब्लेंड या खनिजाच्या रूपात स्थिरावतं. सिगार लेकचा साठा 1981 साली सापडला आणि मॅकआर्थर रिव्हरचा 1988 साली. दोन्ही जमिनीखाली चारशे मीटरहून खोल.

बहुतेक वेळा मात्र साऱ्या खुणा असतात: ग्रॅफाइट असतं, भ्रंश असतो, खडक पांढरा पडलेला असतो, चिकणमातीही असते; युरेनियम तेवढं नसतं. आपल्याकडे म्हणतात तशी बोअर कोरडी जाते. मला वाटतं, भूशास्त्रज्ञाची पारख होते ती इथेच. चिकणमाती कुठे वाढली, भ्रंश कुठे कलला, हे निगुतीने लिहून ठेवलं तर पुढची बोअर कुठे घ्यायची ते कळतं. हयगय केली तर त्याच रानात पुन्हा आंधळेपणाने भोकं पडतात.

आणि ते रान रिकामं नाही. डेने आणि क्री लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे मासेमारी आणि शिकार करत आले आहेत. म्हणून काही सापडो वा न सापडो, प्रत्येक बोअर नीट बुजवावी आणि तिची नोंद पूर्ण करावी. शोधाच्या पहिल्या टप्प्यावर एवढं आपल्या हाती नक्की असतं.