तीन दिवसांचं ग्वाल्हेर, खिशाला परवडणारं

सुट्टी जवळ आली की घराघरांत हिशोब सुरू होतात. बाली किती, थायलंड किती, तिकीट आत्ता काढलं तर किती वाचतील. हिशोब करावाच, त्यात कमीपणा काही नाही. पण आमच्याकडे येणाऱ्या भाचरांना मी दरवेळी सांगते, यंदा एक छोटी सहल ग्वाल्हेरची करा. रेल्वेनं या, साध्या लॉजमध्ये राहा, पायी हिंडा. परदेशवारीच्या एका विमान तिकिटात चौघांचं कुटुंब तीन दिवस आरामात फिरून जातं. शिवाय निम्म्या शहराची नावं तुम्हाला आधीपासूनच कळतात, कारण ती मराठी आहेत.

मी लष्करातली. फौजेतली नव्हे! ग्वाल्हेर शहराचे तीन भाग आहेत: किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर, मोरार आणि लष्कर. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले, बाजार वसले, पण नाव लष्करच राहिलं. आमचं घर इथं पाच पिढ्यांचं. त्यामुळे पुढे जे सांगते आहे ते गाईडबुकातलं कमी आणि पाहुण्यांना हिंडवून हिंडवून जमलेलं जास्त आहे.

बहुतेक पाहुणे आग्रा आणि झाशीच्या मधे ग्वाल्हेर अर्ध्या दिवसात उरकतात. टॅक्सी किल्ल्यावर जाते, तिथून जयविलास पॅलेस, मग थेट स्टेशन. खर्चाच्या दृष्टीनं हा सगळ्यात महाग प्रकार, आणि त्यात लष्कर बघायचं राहूनच जातं.

कधी आणि कसं यायचं

ऑक्टोबर ते मार्च हे दिवस उत्तम. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. तेव्हा लहान मुलांना घेऊन किल्ला चढायचा विचारही करू नका. डिसेंबर-जानेवारीत हवा सुरेख असते, पण धुक्यामुळे उत्तरेच्या गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. परतीची गाडी आणि ऑफिसचा पहिला दिवस यांत एक रात्र मोकळी ठेवा.

मुंबईहून पंजाब मेल आहे, १९१२ पासून धावणारी. पुण्याहून झेलम आणि गोवा एक्स्प्रेस आहेत. नागपूरकरांना दिल्लीकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या सोयीच्या पडतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच तिकीट काढलंत तर सुट्टीच्या दिवसांतही जागा मिळते. दूरच्या शहरातून विमानानं येणार असाल तर दिल्लीला उतरून रेल्वेनं या; तीन-चार तासांचा प्रवास आहे.

राहायला महाराज बाड्याच्या आसपास किंवा स्टेशनजवळ साधी लॉज मिळतात. मी बाड्याजवळच राहा म्हणेन, म्हणजे एक अख्खा दिवस रिक्षाचा खर्चच नाही. एरवी वाटून घ्यायची ई-रिक्षा दहा-वीस रुपयांत कुठेही सोडते. आपलं मंडळ तिथल्या मराठी मंडळींशी संपर्कात असेल तर निघण्यापूर्वी एक फोन जरूर करा. राहण्याची सोय नाही झाली, तरी चहाची नक्की होते.

पहिला दिवस : किल्ला, पण पायी

किल्ल्यावर जायचे दोन रस्ते. गाड्या पश्चिमेच्या उरवाई दरवाज्यानं वर जातात. तुम्ही पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाज्यानं सकाळी लवकर चढायला लागा. चढ खडा आहे, पण रस्ता बांधीव आहे; आजी-आजोबांना उरवाईकडून गाडीनं पाठवा आणि वर भेटा.

पायथ्यालाच गुजरी महाल लागतो. राजा मानसिंह तोमरानं मृगनयनी राणीसाठी तो बांधला, आता तिथं पुरातत्त्व संग्रहालय आहे. ग्यारसपूरची शालभंजिका इथेच आहे. मूर्ती लहानशीच, पण चेहऱ्यावरचं हसू विसरता येत नाही. संग्रहालय सोमवारी बंद असतं, त्याप्रमाणे दिवस ठरवा.

चढ अर्धा झाला की कड्यातच कोरलेलं चतुर्भुज मंदिर येतं. एवढंसं देऊळ, पण मुलांना इथे दहा मिनिटं थांबवाच. इथल्या शिलालेखात, इसवी सन ८७६ च्या सुमाराला, देवळाच्या बागेची लांबी २७० हात लिहिली आहे आणि रोज ५० माळा देण्याची नोंद आहे. दोन्ही आकड्यांतलं शून्य आपण आज काढतो तसंच, बारीक गोल. भारतात कोरलेल्या शून्याच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी हा एक. माझी आठवीतली भाची इथे फरशीवर बसून राहिली होती. म्हणाली, “आत्या, गणितातलं शून्य माळ्याच्या हिशोबात सापडलं!” गाडीनं वर गेलेल्यांना हे देऊळ दिसतच नाही.

वर मानमंदिर. मानसिंहाचा काळ १४८६ ते १५१६. भिंतींवर निळ्या-पिवळ्या फरश्यांची बदकं, हत्ती आणि केळीची झाडं आहेत. तिकीट अगदी किरकोळ, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तेही नाही. पुढे सासबहू मंदिरं, मग तेली का मंदिर. दुपारच्या जेवणाची चिंता नको. गुरू हरगोविंदांच्या स्मरणार्थ असलेल्या दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. डोकं झाकून पंगतीत बसा, आणि जमलं तर जेवणानंतर थाळ्या घासायला हात लावा. मुलांना ते फार आवडतं. उतरताना उरवाईच्या बाजूनं उतरा. दोन्हीकडच्या कड्यांत पंधराव्या शतकातल्या प्रचंड जैन मूर्ती कोरलेल्या आहेत, आणि संध्याकाळचं ऊन त्यांच्यावर पडतं.

दुसरा दिवस : लष्कर

या दिवसाला तिकीट नाही, आणि हाच दिवस मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

महाराज बाड्यापासून सुरुवात करा. हिंदीच्या तोंडी वाड्याचा बाडा झाला, आणि आम्ही मराठी माणसंही आता ‘बाड्यावर जाऊन येते’ असंच म्हणतो. चौकाभोवती टाउन हॉल, पोस्ट, व्हिक्टोरिया मार्केट अशा इमारती प्रत्येक वेगळ्या धाटणीच्या. एका कोपऱ्यात गोरखी, जयविलास बांधण्याआधीचं शिंद्यांचं निवासस्थान. नाश्ता इथेच उरका, गरम बेडई आणि जिलबी. गोडासाठी नया बाजारात बहादुराचे लाडू घ्या. अटलबिहारी वाजपेयींना ते फार आवडत. त्यांचा जन्म इथल्याच ‘शिंदे की छावनी’ मोहल्ल्यातला.

मग गल्ल्यांत शिरा आणि पाट्या वाचत चला. चिटणीस की गोठ. निंबालकर की गोठ. हे ‘गोठ’ गुरांच्या गोठ्यातलं नव्हे. आपण ‘शत्रूच्या गोटात’ म्हणतो ना, त्यातला गोट, म्हणजे सैन्यातल्या एकेका सरदाराचा तळ. पुण्यात हा शब्द वाक्प्रचारापुरता उरला आहे, इथे तो टपालाच्या पत्त्यात आहे. खासगी बाजार म्हणजे प्रायव्हेट बाजार नव्हे. राजघराण्याच्या स्वतःच्या मिळकतीचं खातं ते ‘खासगी’. पुढे मामा का बाजार, बालाबाई का बाजार, ढोलीबुवा का पुल. मुलांना एक खेळ द्या: दारावर गणेशपट्टी कोरलेली घरं मोजायची. ज्याची जास्त, त्याला जास्तीची गजक. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीपासून छत्रीबाजारापर्यंत भाचरांनी सतरा मोजली होती. यंदा त्याच रस्त्यावर अकरा भरली.

त्याचं कारण सरळ आहे. वाड्यात म्हातारी माणसं दोघं, मुलं पुण्याला, बंगळूरला नाही तर परदेशी. छप्पर गळतं, वाटण्या बऱ्याच, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा? मग वाडा विकला जातो आणि चार मजली दुकान उभं राहतं. यात कोणाला दोष देण्यासारखं नाही. आमच्याही घरात हीच बोलणी चालू आहेत. म्हणूनच सांगते, लष्कर पाहायचं तर दहा वर्षांनी नको. दारात आजी-आजोबा बसलेले दिसले तर मराठीत नमस्कार करा. उत्तर मराठीतच येईल, जरा हिंदीच्या चालीचं. “केव्हा आले तुम्ही? इथे कोणाकडे उतरून राहिले?” असं काही ऐकलंत तर हसू नका. दोनशे वर्षं हिंदीच्या शेजारात राहून टिकलेली ही मराठी आहे. आत बोलावलं तर जा, आणि जुने कागद असतील तर पाहू द्या म्हणा. मोडीतला एखादा हिशोब हमखास निघतो, आणि तो वाचणारं घरात कोणी नसतं.

दुपारनंतर गाण्याकडे वळा. ग्वाल्हेर घराण्याची गायकी हद्दू खाँ, हस्सू खाँ यांची. वासुदेवबुवा जोशींकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली आणि विष्णू दिगंबर पलुस्करांना दिली. म्हणजे आपल्याकडच्या गाण्याच्या क्लासात जे शिकवलं जातं, त्याचा एक उगम या गल्ल्यांत आहे. कृष्णराव शंकर पंडित इथलेच, आणि माधव संगीत महाविद्यालयही इथलंच. २०२३ मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला. जीवाजीगंजात उस्ताद हाफिज अली खाँच्या घराण्याचं सरोदघर आहे; जुनी वाद्यं तिथं निवांत पाहता येतात. कविता वाचणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी होते आणि १९४१ मध्ये याच शहरात गेले.

तिसरा दिवस : कबर, समाधी आणि राजवाडा

सकाळी हजिऱ्याला जा. महंमद गौस यांच्या कबरीची दगडी जाळी पाहा. तिच्याच आवारात तानसेनाची साधीशी कबर आहे. शेजारच्या चिंचेचा पाला चावला की गळा गोड होतो अशी समजूत आहे. मुलं पाला चावतात आणि तोंडं वाकडी करतात! डिसेंबरात येणार असाल तर तानसेन समारोहाच्या तारखा बघून या. देशातले मोठमोठे कलावंत गातात आणि ऐकायला पैसे पडत नाहीत. पहिल्या सकाळी इथे सनई वाजते, ढोलीबुवा महाराजांची हरिकथा होते आणि मीलादही होतो. सूफी संताच्या दर्ग्यात हरिकथा ऐकायला जागा मिळवायची तर लवकर जाऊन बसा. त्याच सुमाराला ग्वाल्हेरचा मेळा भरतो, १९०५ पासूनचा. पाळणे, पापड, स्वेटरं, सगळं काही.

तिथून फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी. जून १८५८ मध्ये त्या ग्वाल्हेरच्या लढाईत पडल्या. आणि इथून जयविलास अगदी जवळ आहे. हे दोन्ही एकाच दिवशी पाहावं असं मला वाटतं. तात्या टोपे आणि राणी ग्वाल्हेरला आले तेव्हा जयाजीरावांची बहुतेक फौज त्यांना मिळाली, आणि जयाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला आग्र्याला गेले. पुढे त्यांनीच १८७४ मध्ये हा राजवाडा उभारला. दोन्ही बाजूंना मराठी माणसंच होती. मुलं विचारतील, “मग आपण कोणत्या बाजूचे?” घाईनं उत्तर देऊ नका. आमच्या घरी या प्रश्नावर अजूनही जेवताना वाद होतात, आणि ते व्हावेत.

जयविलासचं तिकीट सहलीतलं सर्वांत महाग, पण टाळू नका. दरबार हॉलमधली झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. छत ती पेलेल का हे पाहायला म्हणे हत्ती वर चढवले होते. जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी लहानमोठ्या सगळ्यांना आवडते. साप्ताहिक सुट्टी आणि चालू दर निघण्यापूर्वी बघून घ्या.

कुठे वाचवावं, कुठे नाही

टॅक्सी वाचवा. महागडं हॉटेल वाचवा. किल्ल्यावरचं बाटलीबंद पाणी वाचवा, घरून भरून न्या. गजकेत मात्र काटकसर नको. थंडीत ताजी कुटलेली तिळाची गजक शेजाऱ्यांसाठीही घ्या. आणि लष्करचा दिवस कापू नका. गाडी उशिरा आली, एक दिवस कमी पडला, तर राजवाडा पुढच्या वेळी पाहा. तो कुठे जात नाही. गणेशपट्ट्या मात्र मोजून घ्या, आणि आकडा मला नक्की कळवा.