चार दिवस, एकच शहर

नातू शिक्षणासाठी स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोमला गेल्यापासून येवल्याच्या एका पैठणी-व्यापारी कुटुंबात तिकडे जाऊन येण्याचा बेत घोळत होता. अडचण पैशाची नव्हती. पेढी आठवडाभर मुनिमांवर सोपविता आली असती. अडचण होती ती आजींच्या चौविहाराची. चाळीस वर्षे अखंड चाललेले व्रत परमुलखात खंडित होईल, या भयाने त्यांनी "तुम्ही जाऊन या" असे सांगून टाकले होते.

हिवाळ्यात तिकिटे स्वस्त दिसली, म्हणून मुलाने प्रथम डिसेंबर सुचविला. परंतु व्यापाऱ्याने भावाआधी माल पाहावा, तसे येथे भाड्याआधी सूर्य पाहणे आवश्यक होते. डिसेंबरच्या अखेरीस स्टॉकहोमला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेतीनच्या सुमारास मावळतो. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी पाळावयाची, म्हणजे अन्नपाण्यासाठी जेमतेम सव्वापाच तास उरतात. जूनमध्ये सारे उलटे होते. पहाटे साडेतीनला सूर्योदय, रात्री दहानंतर सूर्यास्त. येवल्याचा सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा. तेथील साडेअठरा तासांचा. जून ठरला, चातुर्मासापूर्वी परतण्याच्या अटीवर.

"आता रात्री दहापर्यंत निश्चिंत जेवा," असे मुलगा म्हणाला, तेव्हा आजी हसल्या. "सूर्य मुभा देतो, म्हणून ती घेतलीच पाहिजे असे कोठे आहे? मी सातला पच्चक्खाण घेईन." प्रवासाच्या दिवशी, मुंबईहून निघण्यापूर्वीच एकासण उरकावयाचे, हेही त्यांनीच ठरविले. चौविहार रसनेला आवरण्यासाठी असतो. घड्याळातून पळवाट शोधण्यासाठी नव्हे, ही त्यांची समजूत होती. जाण्यातील भीती तेथेच ओसरली.

मग व्हिसाचे कागद आले. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपूर्वीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रौढास शुल्क ९० युरो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. या व्यवस्थेत २९ देश असून १८० दिवसांत कमाल ९० दिवस राहता येते. ते वाचून मुलाने चार दिवसांत ऑस्लो आणि कोपनहेगनही बसविले. आजींनी कागद बाजूला ठेविला. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेस किती जावयाचे याची सीमा माणसाने स्वतः आखावयाची. देशावकाशिकात तीच सीमा ठरावीक काळापुरती अधिक संकुचित होते. त्यांनी सीमा आखली : चार दिवस, एकच शहर.

त्यामुळे उरलेला बेत सोपा झाला. स्टॉकहोम चौदा बेटांवर वसलेले आहे. गामला स्तान ही जुनी पेठ पायी पाहता येते. १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेले आणि १९६१ मध्ये वर काढलेले वासा हे जहाज संग्रहालयात उभे आहे. त्यासाठी एक सकाळ राखून ठेवली. रोख पैसे तेथे फारसे चालत नाहीत, म्हणून कार्ड घेतले. युरोपीय संघात बाहेरून दूध व दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी असल्याने तूप आणि पेढे पिशवीतून उतरले. खाकरे, मुगाचे पापड आणि कोरड्या चटण्या राहिल्या. नातवाच्या खोलीवर चूल आहे. पाणी उकळण्याची सोय तेथेच होईल.

१८९३ मध्ये साधुधर्माच्या मर्यादेमुळे आचार्य विजयानंदसूरींना शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस जाता आले नाही, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधींना पाठविले. साधूंची मर्यादा वेगळी, श्रावकाची वेगळी. पण ती दोघांनाही असते. आजींनी आपली मर्यादा तिकीट काढण्यापूर्वीच ठरविली. म्हणूनच त्यांना चाळीस वर्षांचे व्रतही सोडावे लागले नाही आणि नातवाची भेटही.