ड्रायव्हरची गाडी

कराड

चि. पिंट्या यास मामाचे अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. चंदेरी मर्सिडीज, बॉनेटवर हात ठेवून तू, आणि खाली ओळ, ‘मामा, नवी पंचावन्न लाखांची, आपल्याला बावीसला पडते.’ इथवर ठीक होतं. पण अक्कानं इनोव्हाचं नाव काढल्यावर ‘ती ड्रायव्हरची गाडी’ असं तू म्हणालास म्हणे, तेही दाजींच्या देखत. ते मला फार लागलं. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणत अंगणात निघून जातोस.

ड्रायव्हरची गाडी म्हणजे काय रे? ज्याचं पोट गाडीवर चालतं, त्यानं पारखून घेतलेली. गाडी उभी राहिली की त्याचा हप्ता थकतो. पुढच्या बिल्ल्यावर भाळणं त्याला परवडत नाही. २००५ साली क्वालिस बंद करून इनोव्हा आणली तेव्हा हेच ट्रॅव्हल्सवाले कुरकुरत होते. पुढं त्यांनीच ती डोक्यावर घेतली. आणि ती बनवणाऱ्या कंपनीचं नाव वाच कधीतरी. टोयोटा किर्लोस्कर, १९९७ ची भागीदारी. आपली किर्लोस्करवाडी तुझ्या रानापासून हाकेच्या अंतरावर, आणि तुला ते नाव हलकं वाटतं! औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली तेव्हा तिथं निवडुंगाचं माळरान होतं. तुझं कुंडलही तेव्हा औंध संस्थानातच. त्यांचे लोखंडी नांगर आधी कोणी घेईना. लोखंडानं जमीन नासते म्हणायचे. लोकांच्या म्हणण्याची किंमत त्या नांगरांनी कधीच दाखवून दिली आहे. असो, वाडीचा विषय निघाला की मी भरकटतो, तुझी मामी म्हणते ते खरं आहे.

गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. चाकणला मर्सिडीज बनतात, त्यांचे ब्रेक, त्यांची पकड, हायवेवरची शांतता, सगळं कबूल. पण या गाड्या बांधल्या जातात त्या वॉरंटी असेपर्यंत वापरून पुढच्याच्या गळ्यात घालणाऱ्या माणसासाठी. मान पहिला मालक घेतो, बिलं दुसऱ्याला येतात. तू दुसरा! डिझेलची वीस लाखांवरची गाडी महाराष्ट्रात नोंदवायची तर १५ टक्के रस्ता कर. तो पहिल्या मालकानं भरला, पहिल्या वर्षांची मोठी घसरण त्यानं सोसली, म्हणून बावीस लाख तुला स्वस्त वाटतात. गाडीची किंमत उतरली, लेका, पार्टची नाही उतरली. हेडलाइट फुटला तर तो पंचावन्न लाखांच्या गाडीचाच हेडलाइट लागतो. विम्याच्या भरवशावर राहू नकोस. पाच वर्षं उलटली की बऱ्याच कंपन्या झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, द्यायला कांकू करतात, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मे पैसे आपल्या खिशातून. धातूच्या पार्टचे पाच वर्षांनंतर ४० टक्के कापतात. आता या गाडीत प्लास्टिक सोडून दिसतं काय, सांग.

आमच्या इथल्या एका बागायतदारानं अशीच घेतली होती. रात्री गोठ्याशेजारी नीट उभी केली. सकाळी बघतो तर पुढचं डावं चाक पार मडगार्डात, गाडी एका गुडघ्यावर बसलेल्या बैलासारखी. स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे असतात त्यांना. रबराला बारीक चीर गेली, हवा सुटत राहिली, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा फिरत राहिला आणि शेवटी तोही जळाला. नुसता फुगा गेला होता, बिलात दोन्ही आले. गावातला मेकॅनिक आला, त्यानं बॉनेट उघडलं, तर वर सगळं काळं झाकण. पाना लावायला जागा नाही. म्हणाला, ‘आधी स्कॅनर लावावा लागंल, आन् तो आपल्याकडं न्हाई.’ मग फ्लॅटबेडवर चढवून न्यावी लागली.

माझं म्हणणं एवढंच आहे की यंत्र ज्या गावात ठेवायचं त्या गावात ते उघडता आलं पाहिजे. पंप असो, मोबाइल असो, सुनेचं वॉशिंग मशीन असो. मी तर म्हणतो पुढारीसुद्धा तसाच निवडावा, पण ते राहू दे. द्राक्षबागेच्या फवारणीचा ब्लोअर घेताना तू काय बघितलंस? नोझल आणि डायफ्रॅम तासगावात मिळतात का, ते. दोन दिवस फवारणी चुकली तर बागेवर डाऊनी रोग येतो हे तुला कळतं. ते शहाणपण रस्त्यावर आलं की जातं कुठं? कारखाना सुरू झाला की संध्याकाळी विनादिव्याच्या दोन-दोन ट्रॉल्या, रस्त्यावर उसाची कांडकी, प्रत्येक वस्तीपुढं घरगुती स्पीडब्रेकर. त्यात तुझे ते पातळ कडांचे टायर. काहींना तर स्टेपनीच नसते!

औरंगाबादचा दाखला देशील, म्हणून आधीच सांगतो. २०१० मध्ये तिथल्या दीडशे जणांनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या. देशभर गाजलं. पण त्यांनी कोऱ्या घेतल्या, वॉरंटीसकट, घाऊक भाव पाडून, बँकेनं ७ टक्क्यांनी कर्ज दिलं. ट्रॅक्टरला तेव्हा त्याहून चढं व्याज होतं, त्यावर ओरडही झाली. तुला जुन्या गाडीवर ७ टक्के कोण देतंय? नव्यापेक्षा व्याज जास्त, मुदत कमी.

आणि खरं कारण अक्का बोलली नाही, तरी मला कळतं. मुलगी बघायला जायचंय. पत्रीसरकारच्या दिवसांत ज्या कुंडलात हुंडा-मानपान सोडून गांधी विवाह लागले, तिथला पोरगा दारात गाडी कुठली दिसावी याचा घोर लावून बसतो! बिल्ला बघून हो म्हणणारं घर उद्या हप्ते चुकल्यावर काय म्हणेल, याचा विचार केलास? तू रागावशील, रागाव.

मला काळजी निराळीच आहे. या साली मालाला दर बरा लागला हे खरं, पण खरड छाटणी, खतं, मजुरी पुढं उभी आहे. दाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर म्हणून दोनदा पुढं ढकललंत. बावीस लाख आले कुठून? परवा मी विचारलं तर अक्का एकदम जेवणाचं बोलायला लागली. बयाणा दिला असशील तर बुडू दे, तो मी भरतो. व्यवहार पुरा झालाच असेल तर सर्व्हिसची सगळी बिलं मागून घे आणि शिल्लक वॉरंटी नावावर करून घे. पण सोसायटीचे पैसे तिकडं वळवले असशील, किंवा सात-बाऱ्यावर बोजा चढवला असशील, तर दाजींना कळायच्या आत मला फोन कर. रात्री कितीही वाजता कर.

तुझा
मामा