एका मुक्या चिंतेविषयीं

मुलाच्या उंचीची, डोळ्यांची, दातांची चौकशी आपल्या घरांतून मोकळेपणानें होते. जननेंद्रियाचा विषय निघाला कीं वडील मंडळी वर्तमानपत्रांत तोंड लपवितात. मग मुलगा तें ज्ञान सवंगड्यांकडून व जाहिरातींतून मिळवितो. प्रो. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ काढून असल्या विषयांवर उघड लिहिलें, तेव्हां त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. खटले संपले, संकोच मात्र अजून संपला नाहीं.

इंद्रियाची घडण बरीचशी जन्मापूर्वींच होते. आल्फ्रेड जोस्ट या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९४७ च्या सुमारास सशाच्या नर गर्भांचे वृषण काढून पाहिले, तों तीं पिल्लें मादीच्या रूपानें वाढलीं. म्हणजे नराचें रूप वृषणाच्या स्रावानें घडवावें लागतें. मानवी गर्भांत टेस्टोस्टेरॉन व त्यापासून होणारें डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत ही रचना करतात. लांबी पुढें वाढते. दुसरी वाढ वयांत येतांना होते. प्रथम वृषण वाढतात, शिश्न मागाहून. हा आरंभ कोणाचा दहाव्या वर्षीं, तर कोणाचा तेराव्या. म्हणून एकाच वर्गांतल्या मुलांनीं परस्परांशीं तुलना करणें व्यर्थ होय. लठ्ठ मुलाचें शिश्न पुष्कळदां चरबींत दडलेलें असतें, इतकेंच.

२०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत १५,५२१ पुरुषांच्या मापांचा मेळ घातला गेला. ताठर अवस्थेंतील सरासरी १३.१२ सेंटिमीटर आली. पावलावरून अंदाज बांधणारे पंडित आम्हांस ठाऊक आहेत. त्यांच्या शास्त्राला आधार नाहीं. तेलांनीं व गोळ्यांनीं प्रौढाची लांबी वाढत नाहीं. उलट बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतल्यास स्वतःचे वृषण मंदावतात व शुक्रजंतु घटतात. पौरुषासाठीं पैसे मोजून अपत्याची आशा गमवावयाची!

काळजी करावयाची ती पाळण्याजवळ. पूर्ण दिवसांच्या नवजात मुलाचें शिश्न डॉक्टरांनीं ताणून मोजतां अडीच सेंटिमीटरांहून कमी भरलें, तर कारण शोधावें लागतें, व शैशवांत दिलेल्या औषधाचा गुणही येतो. वृषण सहा महिन्यांपर्यंत खालीं उतरले नाहींत, तर दीड वर्षाच्या आंत शस्त्रक्रिया करणें इष्ट असतें. उशीर झाल्यास पुढें वंध्यत्वाचा व कर्करोगाचा धोका वाढतो. मुलाला न्हाऊं घालणाऱ्या आईला किंवा आजीला हें सर्वांआधीं दिसतें. तिला तें घरांत बोलून दाखवितां आलें पाहिजे.