वेळ पाळणारा माणूस

२०२३ च्या डिसेंबरात अण्णा गेले. शोकसभेसाठी चार ओळींचे निवेदन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. अडतीस वर्षे राज्य शासनाच्या नोकरीत टिपणे लिहिणाऱ्या माणसाला काहीही लिहिता येते, असा आपल्या मंडळींचा समज आहे. मी लिहिले, ‘कुटुंबवत्सल, क्रीडाप्रेमी आणि निःस्पृह सेवाभावी असे एक ज्येष्ठ सभासद आपल्यातून निघून गेले.’ सभेत ते वाचले गेले, दोन मिनिटे मौन पाळले गेले आणि आम्ही घरोघर परतलो. वाटेत माझ्या मनात आले की नाव बदलले तर हे वाक्य कोणाच्याही शोकसभेत चालून जाईल. त्यात चूक काही नव्हती. फक्त अण्णा नव्हते. ती उणीव भरून काढण्याचा हा प्रयत्न. त्यांचे नाव येथेही लिहीत नाही. ज्यांनी त्यांची शिट्टी ऐकली आहे, त्यांना नावाची गरज पडणार नाही.

अण्णांचे वडील आणि माझे वडील नागपूरच्या सचिवालयात एकाच शाखेत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळ ठरली आणि विदर्भासह नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. फायलींच्या पेट्यांबरोबर माणसेही हलली. आपल्यापैकी अनेक घरांची कथा तेथूनच सुरू होते. अण्णा तेव्हा तेरा वर्षांचे होते. माझा जन्म पुढे १९६० साली इथलाच. अण्णा म्हणत, “तुम्ही भोपाळला जन्मलात, आम्ही भोपाळला बदलून आलो.”

नागपूरहून येताना त्यांनी एकच गोष्ट स्वतःची म्हणून आणली, ती म्हणजे खो-खो. भोपाळ हे हॉकीचे शहर. ओबेदुल्ला खान गोल्ड कपचे सामने, ऐशबागचे मैदान आणि गल्लीगल्लीत हॉकी स्टिक घेऊन फिरणारी मुले असा येथील थाट. अण्णांना हॉकीचेही वेड होते. १९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूरच्या विश्वचषकात, मलेशियाविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात भोपाळच्या अस्लम शेर खानने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली, तेव्हा रेडिओपाशी बसलेल्या अण्णांनी मला उचलून घेतले होते. मी पंधरा वर्षांचा, चांगला जड मुलगा होतो. पण हॉकीला स्टिक लागते, बूट लागतात. खो-खोला दोन खांब, चुन्याची फक्की आणि मुले पुरतात. “गरीब मुलांचा श्रीमंत खेळ,” असे ते म्हणत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले, ही हकीकत ते प्रत्येक नव्या मुलाला सांगत. जणू त्या पथकात स्वतःच होते.

आम्ही सगळे तेव्हा अकराशे क्वार्टर्समध्ये राहत असू. पलीकडे, आज जेथे बिट्टन मार्केटचा हाट भरतो आणि दसऱ्याला रावण जळतो, त्या बाजूला भरपूर मोकळी जागा होती. अण्णा संचालनालयातून सायकलने थेट तेथे येत. दप्तराची पिशवी हँडलला, फक्कीचा डबा कॅरियरवर. आधी दगड वेचायचे, मग पाट्या आखायच्या, मग खेळ. त्यांच्याकडे मराठी मुले होती, तशीच चौकीदारांची, धोब्यांची, भाजीवाल्यांचीही होती. फी नव्हती, पावती नव्हती, फलक नव्हता. एकदा कोणीतरी संस्थेची रीतसर नोंदणी करण्याचे सुचवले. अण्णा म्हणाले, “दिवसभर फायलीच बघतो. संध्याकाळी तरी माती बघू दे.”

खो-खोचे नियम ते शाळेतल्या धड्यासारखे शिकवीत नसत, पण दोन गोष्टी मात्र घोटून घेत. आठ जण ओळीने बसलेले, नववा पाठलागावर. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना. “त्यामुळे एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं,” अण्णा सांगत. दुसरी गोष्ट उठण्याची. “खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही आणि मिळाल्यावर बसून राहायचं नाही.” पहिली चूक केली तर ते शिट्टी वाजवीत. दुसरी केली तर शिट्टी वाजत नसे. ते नुसते बघत. ते बघणे आम्हांला जास्त लागे.

सातला पाच मिनिटे असताना खेळ थांबे. सामना कितीही रंगात आलेला असो. मुले गयावया करीत, आम्ही मोठेही कधी त्यांत सामील होत असू, पण अण्णांनी शिट्टी खिशात टाकली की विषय संपला. हाटाचा दिवस असेल तर जाताना भाजी घ्यायची आणि सातला घरी पोहोचायचे. घरी आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली होती. तिचे पाय तेल लावून चोळण्याचे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला कधी करू दिले नाही. मग मुलीचे पाढे, मग जेवण. घरात काय ठरले, काय मोडले, कोणाची फी भरायची, कोणाला पत्र टाकायचे, हे सगळे जेवणाच्या पाटावर वहिनींशी बोलून होई.

आता जे लिहायचे आहे ते मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला, तेव्हा आमच्या बाजूला आम्ही झोपलो होतो. वारा शहराच्या जुन्या वस्त्यांकडे होता. नव्या भोपाळचा बराचसा भाग वाचला. सोमवारी पहाटे रस्त्यावर माणसे दिसू लागली. डोळे लाल, तोंडावर ओला कपडा, काखेत मुले. सकाळी अण्णा आमच्या दारात उभे राहिले. मैदानावरची तीन मुले त्यांच्या मागे होती. ते मला म्हणाले, “हमीदियाला चाललोय. माणसं कमी पडताहेत. चल.”

मी चोवीस वर्षांचा होतो. काही महिन्यांपूर्वीच नोकरीला लागलो होतो. मी म्हणालो, “अण्णा, आज ऑफिसला हजर राहिलं पाहिजे. नवीन आहे मी.” त्या दिवशी माझी वाट बघणारे ऑफिसात कोणी नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. मी घाबरलो होतो. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मैदानावर पाहत असत तसेच. मग सायकलला टांग मारून ते निघून गेले. थोड्या वेळाने पुन्हा वायू सुटल्याची अफवा उठली, माणसे सैरावैरा पळाली, आणि मी दार-खिडक्यांना चादरी लावून घरात बसून राहिलो.

हमीदियात अण्णांनी काय केले ते मला त्या तीन मुलांकडून कळले. डोळे धुवायला पाणी आणायचे, औषधाचे थेंब घालायला रांग लावायची, कोणाला उचलायचे, कोणाला नुसते धरून बसायचे. ज्यांचे नातेवाईक सापडत नव्हते त्यांची नावे, वस्ती, कपड्यांचा रंग असे सगळे ते वहीत लिहीत आणि विचारत येणाऱ्यांना वाचून दाखवीत. ती खो-खोच्या गुणांची वही होती. आठवडाभर ते रोज गेले. आणि रोज सातला परतले. अंगणातच आंघोळ करून, कपडे बादलीत बुडवून, मग आईपाशी.

पुढे कारखान्यात उरलेला वायू १६ डिसेंबरपासून निष्प्रभ करायचे ठरले. शासनाने त्या मोहिमेला ‘ऑपरेशन फेथ’ असे नाव दिले, पण लोकांचा कशावरच विश्वास उरला नव्हता. लाखोंनी शहर सोडले. अण्णांनीही आई, वहिनी आणि मुलीला नागपूरच्या गाडीत बसवले आणि स्वतः बरोबर गेले. आईला उचलून गाडीत चढवण्याचे काम वहिनींना एकटीने जमणारे नव्हते. गल्लीतला एक जण म्हणाला, “समाजसेवक पळाले.” मी तेथे उभा होतो आणि मी काही बोललो नाही. नागपूरला सगळ्यांची सोय लावून अण्णा तिसऱ्या दिवशी एकटेच परतले, तेव्हाही त्यांनी कोणाला काही ऐकवले नाही. मलाही नाही. त्यानंतर एकोणचाळीस वर्षे आम्ही शेजारी, मित्र, जवळजवळ एका घरचे म्हणून वावरलो. माझ्या लग्नात ते पंगतीत वाढत होते. माझ्या मुलाला त्यांनी धावायला शिकवले. त्या सकाळचा उल्लेख त्यांच्या तोंडून एकदाही आला नाही. त्यांनी एकदा तरी टोचून बोलावे असे मला कितीदा वाटले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेने भोपाळ पुन्हा हादरले. अण्णांना अठ्ठ्याहत्तरावे लागले होते, दारातून बाहेर पडणे शक्य नव्हते. एके सकाळी फोन आला. “आठ घरांत सगळेच आजारी आहेत. ही स्वयंपाक करते आहे. तुझी स्कूटर चालू आहे ना?” माझ्या निवृत्तीला वर्ष उरले होते, घरचे नको म्हणत होते, आणि मी चोवीसाव्या वर्षाइतकाच घाबरलो होतो. पण गेलो. तीन आठवडे डबे पोचवले. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येई आणि ते एकेका घराचा हिशोब घेत. शेवटच्या दिवशी म्हणाले, “झालं बरं का. आता विश्रांती घे.” एवढेच.

यामुळे १९८४ चे देणे फिटले असे मी समजत नाही. त्या सकाळी हमीदियात ज्याला पाणी हवे होते, त्याला ते मी दिलेले नाही. पण अण्णांनी मला खेळातून बाद केलेले नव्हते, हे मात्र मला त्या दिवशी कळले.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तो सामना पाहायला मी वहिनींकडे गेलो. मातीऐवजी मॅट, झगमगते दिवे, दूरदेशांतून आलेले संघ. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “हे बघायला हवे होते. म्हणाले असते, फक्की कुठे आहे?” आम्ही हसलो. मग मी त्यांना माझे ते निवेदनातले वाक्य अपुरे वाटते असे सांगितले. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, सगळे म्हणतात त्यांनी घराला फार वेळ दिला. खोटं आहे ते. वेळ त्यांच्याकडे नव्हताच. पचमढीला नेईन म्हणून बावीस वर्षं सांगितलं, दर उन्हाळ्यात शिबिर निघायचं. पचमढी राहिली ती राहिलीच. मी चिडायचे, भांडायचे. पण सातला येतो म्हणाले की सातला यायचे. वेळ दिला नाही, वेळ पाळली. गॅसच्या त्या दिवसांत सुद्धा मी सातच्या आधी कधी रडले नाही. सातला यायचेच आहेत, मग रडू, असं म्हणायची. आणि ते यायचे.”

शोकसभेच्या निवेदनात हे बसले नसते. तरीही ते निवेदन आज लिहायचे झाले, तर तीनही विशेषणे खोडून मी एवढेच लिहीन की हा माणूस वेळ पाळीत असे, घरची आणि बाहेरची.

परवा बिट्टन मार्केटच्या हाटातून भाजी घेऊन परतत होतो. गाड्यांची गर्दी होती, मैदानाच्या कडेला काही मुले क्रिकेट खेळत होती, अंधार पडत होता. घड्याळात पाहिले, सातला पाच कमी होते. पिशवी खांद्याला लावली आणि पावले उचलली.